पाण्यातला दादा

मडकं नवं कोरं होतं, झाकणासकट, आणि मर्दिया त्यात तांदूळ ओतायला निघाली होती. घडलं ते एवढंच. पण सासूबाई अशा किंचाळल्या, जणू सुनेने पाळण्यात निखारे ओतले. तुकिनेमबाईंचे गुडघे गेली कित्येक वर्षं कुरकुरत होते, ओट्यापासून दारापर्यंत जायलासुद्धा त्या भिंतीचा आधार घ्यायच्या. त्या बाई दोन ढांगांत स्वयंपाकघरात आल्या आणि तिच्या हातातून मडकं ओढून घेतलं. "अगं अगं, त्यात नाही!" मडक्यात चार दाणे पडले होते. ते त्यांनी बोटाने एकेक काढले, आत फुंकर मारली, लुंगीच्या सोग्याने कड पुसली आणि मग सुनेचा चेहरा बघून हसल्या. "घाबरलीस होय? हे शिजवायचं नव्हे, पोरी. हे बाळाच्या धाकट्याचं. सुगेंगनं चार दुकानं पालथी घालून आणलंय, वाजवून वाजवून." मर्दियाचा हात तसाच हवेत राहिला, मुठीत तांदूळ. धाकट्याचं. म्हणजे वारेचं. बाळामागून जी वार पडते तिला जावाची माणसं बाळाचं धाकटं भावंड म्हणतात, धुऊन मडक्यात ठेवतात आणि दाराशी पुरून वर दिवा लावतात, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी असावं तसं. ती बाहेर पायरीवर आली. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, कुंडी असायची तिथली माती उकरलेली होती. डावी बाजू मुलीची. डॉक्टरीणबाईंनी मुलगी आहे म्हणून सांगितल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि नवऱ्याने, सुगेंगने, खड्डा खणूनही ठेवला. बाळ आतून सरकलं की तिचीच भीती सरकली, कळलं नाही.

हे घर तिच्याशी बोलायचं नाही. केंदारी शहरातल्या टेकडीवरचं, सिमेंटच्या फरशीचं, नीट रंगवलेलं घर. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. पण फरशीखाली काही नव्हतं. लग्नानंतरचे पहिले महिने तिला झोपच लागायची नाही, कारण खाली पाणी नव्हतं. दर्यात खांबांवर उभ्या असलेल्या बुंगितोरो गावात जन्मल्यापासून ती पट्ट्यांच्या जमिनीवर झोपली होती. फटींतून खाली दर्या दिसायचा, भरतीला चुळबुळायचा, ओहोटीला खेकडे खरवडायचे, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, खांबापाशी, तिचा दादा होता. तिच्या गावची, दर्यावरची सामा माणसं वारेला धाकटं म्हणत नाहीत. मोठं म्हणतात. आधी तो वाट शोधून ठेवतो, आपल्याला पुढे ढकलतो, म्हणून तो थोरला. त्याला नारळात घालून, फडक्यात बांधून दर्यात सोडतात आणि मग तो जन्मभर तिथे राहून राखण करतो. पाण्यात उतरताना त्याला सांगायचं, दादा, आले मी. निघताना सांगायचं, दादा, जाते. एकदा लहानपणी शेजारच्या घराखाली टाकून दिलेल्या जाळ्यात तिचा पाय अडकला होता. वर उजेड हलत होता, छाती फुटायला आली होती, आणि तिने मनातल्या मनात म्हटलं होतं, दादा, पाय सोडव. पाय सुटला. ती वर आली, खोकली, रडली, आईच्या दोन चापट्या खाल्ल्या, आणि त्या दिवसापासून तिला जगात कशाचीच फारशी भीती राहिली नाही. ह्या घरात आल्यावर ती भीती हळूहळू परत आली होती. रस्ता ओलांडतानासुद्धा तिला वाटायचं, इथे आपलं कुणी बघत नाही.

संध्याकाळी सुगेंग आला तो दुकानातला शीतपेटीचा वास घेऊनच. लोकांचे फ्रिज दुरुस्त करून त्याच्या बोटांना कायमचा गारवा आला होता. "मी बाबांकडे जाते," ती म्हणाली. "कधी?" "उद्या." "आणि यायचं?" तो तिच्यासमोर उकिडवा बसला. रागवायचं त्याला जमायचंच नाही. रागावला की त्याचे फक्त कान लाल व्हायचे. "हे बघ मर्दिया. तुझ्या अंगात रक्त नाही म्हणून डॉक्टरीण ओरडतेय. उद्या कमी-जास्त झालं, तर तिथे रक्त कोण देणार? मासा?" "भेटायला जातेय रे. बाळंत व्हायला नव्हे." हे खोटं होतं, आणि दोघांनाही कळलं होतं. आतून सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला. ह्या दिवसांत माहेर आठवतंच. पण मडक्याला हात लावू नकोस म्हणावं!" आणि स्वतःच खळखळून हसल्या. बाई मनाने मोकळी होती. तेच तर कठीण होतं. सासू खाष्ट असती तर मर्दिया कधीच भांडून मोकळी झाली असती.

मोठी बोट, मग छोटी होडी, मग बाबांचा ओळखीचा आवाज लांबूनच. लाउडाचा आवाज साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होता. तळाशी सरपटणारी समुद्रकाकडी काढायला खोल बुड्या मारून मारून त्याचे दोन्ही कान तरुणपणीच फुटले होते, त्यामुळे तो कुजबुजला तरी तीन घरांपलीकडे ऐकू जायचं. "आली रे माझी पोर! पोट बघा, पोट! दोन असतील आत!" फळ्यांच्या पुलावर बायका जमल्या. शेजारची हालिमामावशी कमरेवर हात ठेवून उभी. "ये गं बगाईच्या बायको! शिडी चढता येते ना अजून, की जावाच्या माणसांनी पायसुद्धा मऊ केले?" बगाई म्हणजे जमिनीवरची माणसं, शिवी नाही, पण गौरवही नाही. मर्दिया शिडी चढली. पायाला शिडी आठवत होती, पोटाला नव्हती. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती आणि बायका खुदुखुदु हसत होत्या. तिलाही हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं असेल तसं.

पण गाव हलका झाला होता. हे तिला पहिल्याच दिवशी जाणवलं आणि मग जाणवतच राहिलं, दातात अडकलेल्या काट्यासारखं. पुलाच्या फळ्या जागोजाग निखळलेल्या, त्या बसवायला पोरं नव्हती. पोरं पलीकडच्या कारखान्यात धातू वितळवायला गेली होती आणि पिवळ्या टोप्या घातलेले फोटो पाठवत होती. समोरचा डोंगर त्याच धातूसाठी सोललेला होता. पाऊस पडला की त्याची लाल माती खाली यायची आणि दोन-दोन दिवस दर्याला चहाचा रंग. शेवाळाच्या दोऱ्या लावल्या होत्या, त्यांना पांढरा रोग आला. सरकारने किनाऱ्यावर पत्र्याची घरं बांधून दिली, त्यांत सध्या बकऱ्या राहत होत्या आणि मजेत होत्या. "मासा गेला कुठे म्हणून विचारतात," हालिमामावशी कसावा किसता किसता म्हणाली, "अरे, तुम्हीच बाटलीत सुरुंगाची दारू भरून त्याच्या घरात बार उडवलात, आता तो काय पत्ता ठेवून जाणार?" जी माणसं उरली होती त्यांचं चाललं होतं. अष्टपाद विकला जायचा, जनरेटर संध्याकाळी लागायचा, पुलाच्या शेवटच्या खांबाशी उभं राहिलं की फोनला रेंज मिळायची. पण जो तो बोलताना जमिनीकडे बघून बोलत होता. मर्दियाला वाटलं, आपण पोटातलं मूल घेऊन इथे परतलो ते कुणासाठी? ही पोर मोठी होईल तेव्हा ह्या फळ्यांवरून चालायला कोण असेल? मग लगेच तिला स्वतःचा राग आला. हे प्रश्न जमिनीवरचे होते. पाण्यात उतरून सांगितलं की ते विरघळतील, अशी तिची समजूत होती. ओहोटीच्या वेळी ती शिडीवरून हळूच उतरली, कमरेएवढ्या पाण्यात खांबापाशी उभी राहिली, आणि म्हणाली, "दादा, आले मी." पाणी कोमट होतं. बाळाने लाथ मारली. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

वर येऊन, केसांचं पाणी पिळता पिळता, ती बाबांना म्हणाली, "बाबा, मी इथेच बाळंत होते." लाउडा गळ बांधत होता. "काय?" "इथेच होते म्हटलं! हिचा दादा माझ्या दादाशेजारी सोडू!" शेजारच्या घरातला किसणीचा आवाज थांबला. लाउडाने गळ खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला. तिला वाटलं, ऐकू आलं नसेल. "बाबा, मी म्हणतेय..." "ऐकलं मी. नाही म्हणजे नाही. तू शहरात जा, दवाखान्यात हो." दुसरं कुणीही हे म्हणालं असतं तर तिने मनावर घेतलं नसतं. पण बाबा? जो माणूस जमिनीवर रात्र काढावी लागली तर आजारी पडायचा, तो? तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "तुम्हालाही जावई झाला का देव? खड्डा खणलाय त्याने दारात, बघून या! कुंडीतल्या रोपासारखं पुरणार आहेत हिच्या दादाला!" लाउडाने इकडेतिकडे पाहिलं. बगाईंच्या घरात भिंतींना कान असतात म्हणतात. इथे जमिनीलाच होते. "चल," तो म्हणाला, "होडीत बस."

ह्या घरातली गुपितं होडीतच बोलली जायची, कारण बहिऱ्या माणसाला गुपित सांगायचं म्हणजे ओरडायचं. आई हयात होती तोवर तीसुद्धा भांडायचं असलं की म्हणायची, चला, मासे धरायला जाऊ. गाव मागे बोटाएवढा झाल्यावर लाउडाने इंजिन बंद केलं. होडी आपोआप थोडी फिरली आणि उभी राहिली. तो तिच्याकडे बघत नव्हता. "तुझी आई मरत होती," तो म्हणाला, नेहमीच्याच ओरडत्या आवाजात, "तुझ्या वेळी. सुईण म्हणाली, आता अल्लाचं नाव घ्या. मी तिला उचलून होडीत टाकली. पलीकडे दवाखाना होता, तिथे पोचलो तेव्हा होडीच्या तळात पाण्यापेक्षा रक्त जास्त होतं. ती जगली. तू जगलीस. मी बाहेर येऊन उलटी केली." "मला माहीत आहे," मर्दिया म्हणाली, "मग तुम्ही आम्हाला घेऊन आलात आणि दादाला..." "दादा नव्हता." "काय?" आता ती बहिरी झाली होती. "मी दुसऱ्या दिवशी मागायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, कसली वार? मागच्या खड्ड्यात टाकली, वर चुना टाकला. मी खड्ड्यापाशी गेलो. पांढरं होतं सगळं. काय उकरणार? हात भाजले." त्याने हात पुढे केले, जणू अजून दिसेल काही. "गावात सगळे पुलावर उभे. तुझी आई म्हणाली, आपली पोर बिनभावाची आहे कळलं तर जन्मभर तिच्याकडे बोट दाखवतील. पहिली लाट आली की म्हणतील, हिच्यामुळे आली. मग मी नारळ घेतला. रिकामा नारळ तरंगतो, म्हणून आत प्रवाळाचा दगड घातला. तुझ्या आईच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला, त्यावर रक्त होतं तिचं. बांधला आणि सोडला. सगळ्यांनी दुवा म्हटली."

मर्दिया होडीच्या कडेला घट्ट धरून बसली. दर्या नेहमीसारखा होता, तेच सगळ्यात वाईट होतं. तिच्या मनात एकच प्रश्न इतक्या जोराने आला, की तो विचारल्याशिवाय तिला श्वास घेता येईना. "मग मी इतकी वर्षं कुणाशी बोलत होते?" लाउडाने खूप विचार केला. खोटं बोलायची त्याची तयारी दिसत होती, पण जमलं नाही. "त्या दगडाशी, पोरी," तो म्हणाला. मर्दियाला हसू फुटलं. भयंकर हसू, पोट धरून, खोकत, मग रडत. जाळ्यातला पाय आठवला. तो कुणी सोडवला? पाय आपोआप सुटला, जसे पाय सुटतात. शहरात गेल्यापासून जी तगमग, जी हुरहुर, त्याला ती म्हणायची, दादा बोलावतोय. कुणी बोलावत नव्हतं. आई मात्र कधीकधी तिच्याकडे विचित्र नजरेने बघायची, लग्न ठरलं तेव्हा तर फारच. पोरीची वार जमिनीत गेली, म्हणून पोर जमिनीवर चालली, असंच ती समजून गेली असणार. बिचारी, तोंडातून अवाक्षर न काढता. मर्दियाला आईवर राग येईना, बाबांवर येईना. राग यावा असं कुणीतरी हवं होतं. "तरी तुम्ही हिला इथे नको म्हणता," ती शेवटी म्हणाली. "नकोच. सुईणीचे हात आता थरथरतात. इंजिनाला तेल असेल तर लाट असते आणि लाट नसेल तर तेल नसतं. मी एकदा दर्याला फसवलं. दुसऱ्यांदा तुझं रक्त होडीत घेऊन जायची माझ्यात ताकद नाही." त्याचा आवाज फाटला. मग ती म्हणाली, "ठीक आहे. दवाखान्यात होते. पण वार तुम्ही घेऊन जायची. ह्या वेळी खरी." लाउडा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "आणि जावई?" "ते मी बघते." तिला अजून माहीत नव्हतं ती काय बघणार होती. पण एक तरी खरा भाऊ त्या पाण्यात असला पाहिजे, एवढं तिच्या मनाने धरलं आणि सोडलं नाही.

परतल्यावर ते दिवस तिने अंगावर काटे घेतल्यासारखे काढले. सुगेंगला सांगायला ती रोज तोंड उघडायची, आणि तो रोज काहीतरी दाखवायचा. ही फुलं, ही सुई, हा कागद, पोर शिकावी म्हणून पेन्सिलीचा तुकडा. सगळं मडक्यात घालायचं. "माझीसुद्धा आईच्या जुन्या घराच्या दाराशी आहे," तो एकदा म्हणाला. "ते घर विकलं. पण तिथून गेलो की मी अजून पाय जरा जपून टाकतो." तिला त्याला मिठी मारावी असंही वाटलं आणि ओरडावं असंही. तुझ्याजवळ निदान जागा आहे रे, असं काहीतरी ओठांवर आलं. ती म्हणाली, "भात वाढू?"

कळा सकाळी आल्या आणि दुपारी मुलगी झाली. सरळ, सोपी, रडकी मुलगी. मर्दियाला रक्ताची एक बाटली लागली, तेव्हा सुगेंगचे कान पांढरे पडले होते म्हणे. नर्सने वार पिशवीत बांधून त्याच्या हातात दिली. "मी घरी येईपर्यंत थांब," मर्दिया त्याचा हात धरून म्हणाली, "माझ्याशिवाय पुरू नकोस." त्याला वाटलं, बायको विरघळली. एवढा आनंद झाला त्याला, की त्याने दुकानातला सगळ्यात चांगला फ्रिज रिकामा केला, आतून पुसला आणि त्यात पिशवी ठेवून दार धाग्याने बांधलं, न जाणो, कुणी सरबत शोधत येईल. दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा लाउडा पायरीवर बसलेला होता, खड्ड्याकडे पाठ करून. मांडीवर सोललेला नारळ, वरचं तोंड कापून पुन्हा बसवलेलं, बाजूला दोरी. तुकिनेमबाईंना वाटलं, व्याह्यांनी बाळंतिणीला नारळ आणला. त्यांनी कौतुकाने त्याला चहा दिला होता. लाउडाने नातीला पाहिलं, कपाळाला नाक लावून तिचा वास घेतला, आणि मर्दियाकडे बघून भुवया उंचावल्या. मर्दियाने मान हलवली. आता सांगते. आता आत जाऊन सांगते.

मागच्या दारी सुगेंग उकिडवा बसला होता. समोर परात, त्यात पाणी. तो वार धूत होता. घरात साधी कपबशीसुद्धा न विसळणारा हा माणूस, बाह्या वर करून, बोटांच्या टोकांनी, मीठ चोळून, पाणी बदलून, पुन्हा चोळून. मर्दिया दारात थांबली. त्याला तिची चाहूल नव्हती. तो बोलत होता. आधी तिला वाटलं, दुवा म्हणतोय. पण तो म्हणत होता, "गार पडलास ना रे रात्रभर? माफ कर हं, धाकट्या. तुझी मोठी ताई घरी यायची होती, तिच्याशिवाय कसं करणार? आता नीट झोप. दिवा ठेवतोय. महिनाभर तरी विझू देणार नाही. तिच्याकडे लक्ष ठेव, काय? मी कामावर असतो." मग पाणी ओतलं, हात झटकले, आणि पुन्हा वाकून, कानात सांगावं तसं, "आणि तिच्या आईकडेही ठेव. ती इथे फार एकटी आहे." तिने चौकट धरली. इतके दिवस घोकलेलं वाक्य आत होतं, पूर्ण, शब्दन् शब्द, आणि ते बोलता येणार नव्हतं हे तिला तिथेच कळलं. त्या परातीत जे होतं त्याच्याशी आता कुणीतरी बोललं होतं. ते ह्याचं झालं होतं.

ती बाहेर आली. सासूबाईंनी बाळाला घेतलं होतं आणि त्या ओट्याशी पुटपुटत होत्या. मर्दिया कशीबशी पायरीवर बसली. टाके ओढले गेले. "बाबा," ती म्हणाली. "काय?" लाउडा ओरडला. इथे होडी नव्हती, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तिने त्याच्या मांडीवरचा नारळ घेतला. झाकण काढलं. उकरलेल्या मातीच्या ढिगात दगड होते, त्यातला एक बोटांनी पुसून आत टाकला. मग बाळंतपणात अंगावर होती ती लुंगी पिशवीतून काढून तिचा डाग पडलेला कोपरा दातांनी फाडला, दगडाभोवती गुंडाळला, झाकण बसवलं आणि नारळ बाबांच्या हातात दिला. लाउडा बघत होता. पहिल्यांदा न समजून, मग समजून. त्याने नारळ तळहातावर तोलला. रडेल की काय असं तिला वाटलं. पण तो म्हातारा होता, आणि हे काम त्याला येत होतं. "दगड मोठा हवा," तो म्हणाला. "तिथे आता ओढ वाढलीय." त्याने स्वतः ढिगातून दुसरा दगड निवडला, घातला, दोरी दोनदा फिरवून गाठ मारली. "पोरगी मोठी झाली की काय सांगायचं?" "मला सांगितलंत तेच." "आणि तिने तुझ्यासारखं विचारलं तर?" आतून सुगेंग मडकं घेऊन येत होता, उजव्या हाताने, सरळ समोर बघत, ओठ मिटून. त्याला वाट द्यायला ती सरकली. लाउडाही उठला. दोन्ही हातांनी नारळ छातीशी धरून, भरलेला असावा तसा जपून, तो पायऱ्या उतरला आणि खाली जाऊन वळला.

"बरंच झालं," तो म्हणाला, आणि त्याचं कुजबुजणं साऱ्या गल्लीने ऐकलं. "तुझा दादा तिथे एकटाच होता."